विश्व फुगतंय, पण ढकलतंय कोण? : कृष्ण ऊर्जा आणि पुण्यातून विचारले गेलेले प्रश्न



आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा पाठ आहे. तो शिकवताना दीर्घिका, आकाशगंगा, विश्व हे शब्द आले की वर्गातून हमखास प्रश्न येतो, "बाई, विश्व केवढं आहे? आणि ते संपतं कुठे?" मग दुसरा कोणीतरी सांगतो की विश्व मोठं मोठं होत चाललंय, त्याने व्हिडिओत पाहिलेलं असतं. आणि तिसरा विचारतो, "मोठं होतंय, तर कोण मोठं करतंय?"

हा तिसरा प्रश्न लहान नाही. जगभरातले शास्त्रज्ञ आज याच प्रश्नावर काम करत आहेत. आपल्यासाठी विशेष म्हणजे या चर्चेतला एक महत्त्वाचा आवाज पुण्यातून उठला होता, डॉ. जयंत नारळीकर यांचा. २० मे २०२५ रोजी त्यांचं पुण्यात निधन झालं. त्यांच्या गोष्टी आणि कादंबऱ्या आपण वाचतो. पण त्यांनी आयुष्यभर कोणत्या प्रश्नावर काम केलं हे मुलांना फारसं माहीत नसतं. आजच्या पाठात ते समजून घेऊ.

पाठाची उद्दिष्टे

१. विश्वाचं प्रसरण म्हणजे काय हे साध्या कृतीतून समजणे.
२. इतकी मोठी अंतरं कशी मोजतात हे समजणे.
३. कृष्ण ऊर्जा ही कल्पना का आली आणि तिच्याविषयी कोणकोणते सिद्धांत आहेत हे समजणे.
४. विज्ञानात मतभेद कसे सोडवले जातात हे समजणे.

१. सुरुवात दिव्यांपासून

आकाशातल्या गोष्टीपर्यंत फूटपट्टी पोहोचत नाही. मग अंतर कसं मोजायचं?

संध्याकाळी नारायण पेठेतून नदीकडे उतरून बाबा भिडे पुलाजवळ उभे राहा. नदीकाठच्या रस्त्यावरचे दिवे ओळीने दिसतात. समजा सगळे दिवे एकाच वॅटचे आहेत. तरी जवळचा दिवा झगझगीत दिसतो आणि लांबचा मिणमिणता. याचा नियम ठरलेला आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा होतो, अंतर तिप्पट झालं की नववा हिस्सा. म्हणजे दिवा मुळात किती वॅटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं.

आकाशात असे 'ठरलेल्या वॅटचे दिवे' शोधणं हेच खरं काम. पहिला उपयोगी दिवा शोधला हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन बाईंनी. काही ताऱ्यांचं तेज ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतं. त्यांना सेफीड रूपविकारी तारे म्हणतात. १९१२ मध्ये लेव्हिट यांनी दाखवून दिलं की ज्या ताऱ्याला हे चक्र पूर्ण करायला जास्त दिवस लागतात, तो तारा मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे दिवस मोजा, वॅट कळले!

याच पद्धतीने एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिकेतले तारे तपासले. देवयानी आपल्या आकाशगंगेचा भाग नाही, ती स्वतंत्र दीर्घिका आहे, हे त्यांनी सिद्ध केलं. आजच्या मोजमापानुसार ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे.

२. लाल होणारा प्रकाश

लक्ष्मी रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की काय होतं आठवा. ती जवळ येताना सायरनचा आवाज चढा लागतो आणि लांब जाताना उतरलेला. लांब जाणाऱ्या ध्वनीच्या लहरी ताणल्या जातात म्हणून असं होतं. प्रकाशाच्याही लहरीच असतात. त्या ताणल्या गेल्या की प्रकाश वर्णपटात तांबड्या रंगाकडे सरकतो. याला ताम्रसृती म्हणतात. दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत थोडा फरक आहे. तिथे प्रकाश वाटेत असताना मधली जागाच ताणली जाते आणि तिच्याबरोबर लहरही ताणली जाते.

व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून दीर्घिकांचे वर्णपट घेतले होते. बहुतेकांमध्ये ताम्रसृती दिसत होती. १९२९ मध्ये हबल यांनी अंतर आणि वेग शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा सरळ हिशोब निघाला : जी दीर्घिका जितकी लांब, तितकी ती जास्त वेगाने दूर जाते. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्येच आइन्स्टाइनच्या समीकरणांतून हा निष्कर्ष काढला होता. त्याही आधी, १९२२ मध्ये, रशियाचे अलेक्झांडर फ्रीडमन यांनी गणिताने दाखवलं होतं की विश्व प्रसरण पावू शकतं.

३. कृती : इलॅस्टिकचं विश्व

साहित्य : शिवणकामाचं रुंद इलॅस्टिक, ४ बटणं, सुई-दोरा, मोजपट्टी.

इलॅस्टिकवर १०-१० सेंटिमीटरवर चार बटणं शिवून टाका. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. अ पासून ब १० सेंमी, क २० सेंमी आणि ड ३० सेंमी अंतरावर आहे. आता दोन मुलांनी दोन्ही टोकं धरून इलॅस्टिक हळूहळू दुप्पट ताणायचं आणि १० सेकंद मोजायचे.

आता ब २० वर, क ४० वर आणि ड ६० वर पोहोचला. म्हणजे १० सेकंदांत ब १० सेंमी लांब गेला, क २० सेंमी आणि ड ३० सेंमी. सर्वात लांबचा सर्वात वेगाने! बटणं स्वतः चालली का? नाही. मधलं इलॅस्टिक वाढलं.

आता हीच मोजणी क वर बसून करा. क ला सुद्धा असंच दिसेल की सगळे आपल्यापासून दूर जातायत. म्हणून विश्वाला 'मध्य' नाही. प्रत्येकाला आपणच मध्यावर आहोत असं वाटतं.

४. मुलांचे नेहमीचे दोन प्रश्न

*मग पुणे-मुंबई अंतर पण वाढतंय का?* नाही. इलॅस्टिक वाढलं, पण बटणं मोठी झाली नाहीत, कारण बटणाचे कण एकमेकांना घट्ट धरून आहेत. तसंच पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा हे सगळं विद्युत बलाने किंवा गुरुत्वाकर्षणाने बांधलेलं आहे. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या समूहांमधल्या प्रचंड मोकळ्या जागेत.

*वेग किती?* ढोबळमानाने, दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७० किलोमीटर. याला हबल स्थिरांक म्हणतात. ३२.६ लाख प्रकाशवर्षं म्हणजे सुमारे ३०९ वर १७ शून्यं इतके किलोमीटर. त्याला ७० ने भागा आणि सेकंदांची वर्षं करा, उत्तर येतं सुमारे १४०० कोटी वर्षं. आज मान्य असलेलं विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे. एवढ्या साध्या भागाकाराने आपण खऱ्या उत्तराच्या इतके जवळ जातो, हे मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्या.

५. आइन्स्टाइनने घातलेली आणि काढलेली संख्या

१९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी आपला सापेक्षतेचा सिद्धांत संपूर्ण विश्वाला लावून पाहिला. तेव्हा विश्व स्थिर आहे असंच सगळे मानत होते. पण गुरुत्वाकर्षण सगळ्याला आत ओढतं. मग विश्व कोसळत का नाही? म्हणून त्यांनी समीकरणात बाहेर ढकलणारं एक पद घातलं. त्याला विश्वस्थिरांक म्हणतात आणि तो लॅम्डा या ग्रीक अक्षराने लिहितात. पुढे प्रसरणाचा पुरावा मिळाला तेव्हा १९३१ मध्ये त्यांनी तो स्थिरांक सोडून दिला. विश्व स्थिर नाहीच, तर त्याला टेकू कशाला?

ही संख्या लक्षात ठेवा. ती परत येणार आहे.

६. कोल्हापूरचा मुलगा केंब्रिजमध्ये

जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि आई सुमती संस्कृतच्या विदुषी. बनारसला शिक्षण घेऊन जयंतराव केंब्रिजला गेले आणि तिथे फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले.

हॉइल, बाँडी आणि गोल्ड या तिघांनी १९४८ मध्ये 'स्थिर स्थिती' सिद्धांत मांडला होता. त्यांचं म्हणणं असं : विश्व प्रसरण पावतं हे खरं, पण त्याला सुरुवात नाही. प्रसरणामुळे जागा मोकळी होते आणि तिथे नवं द्रव्य तयार होत राहतं. किती? अब्जभर वर्षांत एका घनमीटरमध्ये जेमतेम एखादा अणू! त्यामुळे विश्व कायम तसंच दिसतं. 'बिग बँग' हा शब्दसुद्धा हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात पहिल्यांदा वापरला. तो सिद्धांत त्यांना मान्य नव्हता, आणि नाव मात्र त्यांनीच दिलेलं टिकलं.

मग हे नवं द्रव्य येणार कुठून? त्यासाठी हॉइल आणि नारळीकर यांनी १९६० च्या दशकात ऋण ऊर्जा असलेल्या एका क्षेत्राचं गणित मांडलं. त्याला सी-क्षेत्र म्हणतात. या क्षेत्राचा परिणाम बाहेर ढकलण्याचा होता. त्यामुळे स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणाचा वेग कमी होत नाही, वाढत जातो. त्या काळी महास्फोटवाल्या बहुतेक शास्त्रज्ञांचा अंदाज याच्या अगदी उलट होता.

१९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांना सगळीकडून सारख्याच येणाऱ्या सूक्ष्मलहरी सापडल्या. विश्व एकेकाळी अतिशय तप्त होतं याची ती खूण मानली गेली. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने गेले आणि स्थिर स्थिती सिद्धांत मागे पडला.

नारळीकर १९७२ मध्ये भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था त्यांनी उभी केली.

७. १९९८ : मंद दिसलेले दिवे

चेंडू वर फेकला की त्याचा वेग कमी होत जातो. तसंच गुरुत्वाकर्षणामुळे विश्वाच्या प्रसरणाचा वेग हळूहळू कमी होत असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. प्रश्न एवढाच होता की किती कमी होतोय.

हे मोजायला फार लांबवर दिसणारा दिवा हवा होता. तो मिळाला १अ प्रकारच्या अतिनवताऱ्यात. श्वेत बटू तारा शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेत सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाजवळ पोहोचला की त्याचा स्फोट होतो. १.४ ही मर्यादा आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी शोधलेली. हा स्फोट काही दिवस कित्येक अब्ज सूर्यांइतका उजळतो. त्याचा उजेड किती दिवसांत ओसरतो हे पाहिलं की त्याचे 'वॅट' काढता येतात.

दोन गट काम करत होते. एक सॉल पर्लमटर यांचा, दुसरा ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांचा. पर्लमटर यांच्या गटाने ४२ दूरचे अतिनवतारे तपासले. दोन्ही गटांना तेच आढळलं. दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के मंद होते. म्हणजे ते अपेक्षेपेक्षा जास्त लांब होते. म्हणजेच प्रसरण मंदावत नव्हतं, उलट वेग घेत होतं. वर फेकलेला चेंडू मध्येच जास्त वेगाने वर जायला लागावा तसं!

२०११ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं. ढकलणाऱ्या या अज्ञात गोष्टीला मायकेल टर्नर यांनी नाव दिलं 'डार्क एनर्जी'. आपण तिला कृष्ण ऊर्जा म्हणू. इथे 'कृष्ण' म्हणजे काळ्या रंगाची नव्हे, न कळलेली.

८. कृष्ण ऊर्जेचा हिशोब

आजच्या हिशोबाप्रमाणे विश्वातल्या एकूण ऊर्जेचे भाग असे :

साधं द्रव्य (तारे, ग्रह, हवा, आपण) : सुमारे ५ टक्के
कृष्णद्रव्य (ओढतं पण दिसत नाही) : सुमारे २७ टक्के
कृष्ण ऊर्जा (ढकलते) : सुमारे ६८ टक्के

मुलांना वाटतं, ६८ टक्के म्हणजे केवढी प्रचंड असेल! पण ती अतिशय विरळ आहे. एका घनमीटरमध्ये ती साधारण तीन-चार हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाइतकी भरते. पृथ्वीएवढ्या जागेतली सगळी कृष्ण ऊर्जा गोळा केली तर ती जेमतेम ६ मिलिग्रॅम वस्तुमानाइतकी होईल. पण विश्वात रिकामी जागाच फार असल्यामुळे थेंबे थेंबे तळे साचते.

मग ती जिंकते कशी? सरबताचं उदाहरण घ्या. पातेल्यात साखर घातली आणि पाणी वाढवत गेलो तर सरबत पांचट होत जातं. साध्या द्रव्याचं असंच आहे. विश्वाची लांबी-रुंदी-उंची दुप्पट झाली की द्रव्य आठ पट विरळ होतं. आता असं पाणी कल्पून बघा की जे स्वतःबरोबर साखर घेऊनच येतं. कितीही ओता, गोडी तीच! कृष्ण ऊर्जा अशी दिसते. जागा वाढली तरी तिची घनता तेवढीच राहते. सुरुवातीला विश्वात द्रव्य दाट होतं, तेव्हा ओढणारं बल जिंकत होतं. जागा वाढत गेली, द्रव्य विरळ झालं आणि सुमारे ५ ते ६ अब्ज वर्षांपूर्वी ढकलणारं बल वरचढ झालं.

९. मग ती आहे तरी काय? चार उत्तरं

*पहिलं उत्तर : विश्वस्थिरांक.* आइन्स्टाइन यांनी घातलेली आणि काढलेली तीच संख्या. रिकाम्या जागेचीच स्वतःची ऊर्जा असते, कायम तेवढीच. हे सर्वात सोपं उत्तर आहे आणि आजवरच्या बहुतेक मोजमापांशी जुळतं. पण पुंज भौतिकीने रिकाम्या जागेची ऊर्जा काढायला गेलं तर जे उत्तर येतं ते मोजलेल्या उत्तरापेक्षा सुमारे १ वर १२० शून्यं इतक्या पटीने मोठं असतं. गणिताच्या पेपरात असं उत्तर आलं तर आपण काय म्हणू!

*दुसरं उत्तर : बदलती ऊर्जा.* ही ऊर्जा कायम तेवढी नसून एखाद्या क्षेत्रासारखी काळानुसार हळूहळू बदलते. भारत रात्रा आणि जेम्स पीबल्स यांनी १९८८ मध्ये, म्हणजे शोधाच्या दहा वर्षं आधीच, असं गणित मांडलं होतं. अशा क्षेत्राला पुढे 'क्विंटेसन्स' म्हणजे पाचवं तत्त्व असं नाव पडलं.

*तिसरं उत्तर : वाढती ऊर्जा.* जागा वाढते तशी ही ऊर्जा दाट होत गेली तर अखेरीस दीर्घिका, तारे, अणूसुद्धा फाटून जातील. याला महाविदारण म्हणता येईल. घाबरू नका, हे घडायचं असलंच तरी अब्जावधी वर्षांनंतर!

*चौथं उत्तर : गुरुत्वाकर्षणच नीट कळलेलं नाही.* वेगळी ऊर्जा वगैरे काही नाही, प्रचंड अंतरावर गुरुत्वाकर्षणाचे नियम आपण समजतो तसे नाहीत.

या सगळ्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आयुकातले प्रा. थानू पद्मनाभन यांनी पहिल्या प्रश्नावर, म्हणजे रिकाम्या जागेच्या 'वजनावर', खूप काम केलं. उष्णता ही जशी असंख्य रेणूंच्या हालचालीतून दिसणारी गोष्ट आहे, तसंच गुरुत्वाकर्षण हे सुद्धा आणखी खोल कशाचा तरी परिणाम असावं, अशी त्यांची दिशा होती. १७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आयुकातलेच प्रा. वरुण साहनी यांनी सहकाऱ्यांबरोबर अशा कसोट्या तयार केल्या, ज्यांनी पहिलं उत्तर बरोबर की दुसरं हे निरीक्षणांवरून तपासता येतं. २०१७ मध्ये आयुका आणि पुण्याच्या आयसर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर दीर्घिकासमूहांचा एक महासमूह शोधला. त्याला 'सरस्वती' नाव दिलं. प्रसरण चालू असताना एवढी मोठी रचना कशी जुळून आली, हा त्यातला कुतूहलाचा भाग.

१०. नारळीकरांची शंका : दिवा लांब आहे की मध्ये धुकं आहे?

आता परत नदीकाठी या. डिसेंबरातली पहाट आहे आणि नदीवर धुकं आहे. समोरचा दिवा मंद दिसतोय. मग तो लांबचाच असला पाहिजे का? नाही ना! जवळचा दिवासुद्धा धुक्यामुळे मंद दिसू शकतो.

नारळीकरांनी नेमकं हेच विचारलं. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये 'स्थिरवत् स्थिती' सिद्धांत मांडला होता. त्यात विश्वाला एक आरंभ नाही. छोटे छोटे स्फोट होत राहतात आणि विश्व प्रसरण-आकुंचनाची आवर्तनं घेत जातं. १९९८ च्या शोधानंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की अतिनवताऱ्यांच्या स्फोटातून लोखंडाचे आणि कार्बनचे सुईसारखे बारीक कण बाहेर पडत असतील. मिलिमीटरच्या आसपास लांबीच्या या सुया दीर्घिकांमधल्या जागेत पसरल्या असतील, तर त्या दूरचा प्रकाश मंद करतील. साध्या धुळीने प्रकाश लालसर होतो आणि धूळ पकडली जाते. या सुयांनी तसं होत नाही. मग कृष्ण ऊर्जा मानायची गरजच काय?

बघा, शंका किती रास्त आहे! आणि तिची तपासणीही झाली. साधा तर्क असा : मध्ये धुकं असेल तर जितकं लांब जाल तितका दिवा आणखी आणखी मंद दिसला पाहिजे. पण कृष्ण ऊर्जा असेल तर खूप जुन्या काळात विश्व अजून मंदावत होतं, त्यामुळे फारच लांबचे अतिनवतारे धुक्याच्या हिशोबापेक्षा उजळ दिसले पाहिजेत. हबल दुर्बिणीने असे अतिशय दूरचे अतिनवतारे शोधले आणि रीस यांच्या गटाने २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. ते उजळच निघाले. शिवाय सूक्ष्मलहरींचं मोजमाप आणि दीर्घिकांमधली ठरावीक अंतरं या दोन वेगळ्याच वाटांनीही कृष्ण ऊर्जेकडेच बोट दाखवलं. या वाटांवर दिव्याचा उजेड मोजावाच लागत नाही.

आज बहुसंख्य शास्त्रज्ञ नारळीकरांच्या पर्यायाशी सहमत नाहीत. हे मुलांना स्पष्ट सांगावं, आदरापोटी लपवू नये. पण दुसरी बाजूही सांगावी. विश्वाचं प्रसरण वेग घेतं, हे त्यांच्या आणि हॉइल यांच्या जुन्या गणितात होतं, जेव्हा बहुतेकांना ते पटत नव्हतं. आणि 'दिवा मंद का दिसतो याचं दुसरं कारण असू शकतं' असं कोणीतरी विचारल्यामुळेच ते कारण नीट तपासलं गेलं. तपासून उरलेली गोष्ट जास्त पक्की असते.

नारळीकरांकडे मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि खाली माझी सही असेलच. त्यांच्या संशोधनाचीही रीत काहीशी अशीच होती. आधी प्रश्न.

११. आणि आता परत शंका!

गोष्ट इथे संपली असं वाटेल, पण नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये 'डेसी' नावाचं उपकरण ५००० दीर्घिकांचे वर्णपट एकाच वेळी घेतं. विश्वाच्या बालपणी गरम द्रव्यात ध्वनिलहरी पसरल्या होत्या. त्यांची खूण दीर्घिकांच्या मांडणीत आजही सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांच्या अंतराने दिसते. ही निसर्गानेच दिलेली फूटपट्टी. डेसीने सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार मोजून मार्च २०२५ मध्ये सांगितलं की कृष्ण ऊर्जा कायम तेवढीच नसून हळूहळू कमी होत असल्याची चिन्हं आहेत. म्हणजे पहिल्या उत्तराऐवजी दुसरं! पण शोध पक्का म्हणायला भौतिकशास्त्रात ५ सिग्मा इतकी खात्री लागते. वेगवेगळ्या अतिनवताऱ्यांच्या नोंदी जोडल्यावर ही खात्री २.८ ते ४.२ सिग्मा भरते. म्हणून शास्त्रज्ञ अजून 'चिन्हं' म्हणतात, 'शोध' म्हणत नाहीत.

दुसराही एक पेच आहे. हबल स्थिरांक सूक्ष्मलहरींवरून काढला तर सुमारे ६७ येतो आणि जवळच्या ताऱ्यांवरून काढला तर सुमारे ७३. दोन्ही मोजमापं काळजीपूर्वक केलेली आहेत. तरी जुळत नाहीत.

१२. वर्गात हे कसं सांगावं?

आपल्याला पाठ्यपुस्तकातलं उत्तर पक्कं करून घ्यायची सवय असते. परीक्षेला ते लागतंही. पण या विषयात तीन रकाने करावेत असं मला वाटतं. फळ्यावर तीन उभे भाग पाडा :

*पक्कं माहीत आहे* : विश्व प्रसरण पावतं. ते एकेकाळी तप्त आणि दाट होतं.
*भक्कम पुरावा आहे* : प्रसरण वेग घेत आहे.
*अजून माहीत नाही* : ढकलणारी गोष्ट नेमकी काय आहे. ती कायम तेवढीच राहते का.

मुलांना तिसरा रकाना सर्वात जास्त आवडतो, हा माझा अनुभव आहे. आपल्या मोठ्यांनाही जे ठाऊक नाही, ते शोधायला आपल्यासाठी शिल्लक आहे, हे कळलं की मागच्या बाकावरचा हातसुद्धा वर येतो.

पुढे ज्यांचा केसरीवाडा नारायण पेठेची ओळख झाला, त्या लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' या ग्रंथात मृगशीर्षाच्या नोंदींवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला होता. त्यांचे निष्कर्ष आज सगळ्यांना मान्य नाहीत. पण आकाशाकडे पुरावा म्हणून बघायची सवय या पेठांना जुनी आहे. १९४४ पासून पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांना दुर्बिणीपाशी घेऊन जाते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुका पाहायला खुली असते. तिथल्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. सहल काढायची असेल तर ही चांगली जागा आहे.

स्वाध्याय

१. एक दिवा १० मीटरवर आहे. तसाच दुसरा दिवा ४० मीटरवर आहे. दुसऱ्याचा उजेड पहिल्याच्या कितवा हिस्सा दिसेल?
२. इलॅस्टिकच्या कृतीत ड बटणावर बसून अ, ब, क किती सेंटिमीटर लांब गेले ते काढा. नियम तोच राहतो का?
३. हबल स्थिरांक ७० ऐवजी ३५ असता, तर आपल्या भागाकाराने विश्वाचं वय किती आलं असतं? का?
४. दिवा मंद दिसण्याची दोन कारणं सांगा. त्यातलं खरं कोणतं हे तुम्ही कसं ठरवाल?
५. कृष्णद्रव्य आणि कृष्ण ऊर्जा यातला फरक दोन वाक्यांत लिहा.
६. उपक्रम : एका पोस्टकार्डावर विश्वाविषयीचा तुमचा एक प्रश्न लिहा. अट एकच, उत्तर मोबाइलवर लगेच मिळणारा प्रश्न नको! वर्गातली सगळी पोस्टकार्डं भिंतीवर लावा आणि प्रत्येक प्रश्न तीन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात बसतो ते सगळ्यांनी मिळून ठरवा.